वेबसाइट मंडळाची, पण सातबारा कोणाच्या नावावर?

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात): आमचं नोंदणीकृत कुलमंडळ आहे. मी बँकेतून निवृत्त झालो असून तीन वर्षांपासून मंडळाचा सचिव आहे. डिसेंबर २०१४ मध्ये, पहिल्या संमेलनाच्या वेळी, अमेरिकेत असलेल्या एका पुतण्याने मंडळाची वेबसाइट करून दिली. तिच्यावर कुलवृत्तांत, अकरा पिढ्यांची वंशावळ, मोडी कागदांचे फोटो, दोन हजारांवर सभासदांची यादी आणि संमेलनाची नावनोंदणी असं सगळं आहे. यंदा संमेलनाला दोन आठवडे असताना रविवारी रात्री नऊला मी व्हॉट्सॲपच्या सगळ्या गटांवर नोंदणीची लिंक टाकली आणि दहा मिनिटांत साइट बंद पडली. पडद्यावर ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ एवढंच. सकाळी आपोआप चालू झाली. गुरुवारी पुन्हा गेली आणि तिच्या जागी भलत्याच जाहिरातींचं पान दिसू लागलं. हे चार दिवस चाललं. होस्टिंग कंपनीला अकरा ईमेल केले, उत्तर एकच, ‘आमच्याकडे सर्व काही सुरळीत आहे’. शेवटी पुतण्याने तिकडून काहीतरी केलं आणि साइट परत आली. आता कार्यकारिणीत तीन मतं आहेत. एकांना महिना ७९ रुपयांची जाहिरात भावली आहे, दुसरे ‘व्हीपीएस घ्या’ (म्हणजे मोठ्या यंत्राचा फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेला हिस्सा) म्हणतात, तिसरे म्हणतात वेबसाइट हवीच कशाला, फेसबुक आहे की. वर्षाला आठ हजारांपर्यंत खर्च करता येईल. सर्वांत भरवशाच्या होस्टिंग कंपनीचं एकच नाव सांगा.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

नाव सांगत नाही. का ते पुढे येईलच. आधी तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्हालाच दाखवतो, कारण ती लिहून गेलात तरी तुमच्या नजरेतून निसटलेली दिसते. रविवारचा बिघाड आणि गुरुवारचा बिघाड हे दोन वेगळे आजार आहेत, आणि त्यातला गुरुवारचा मोठा आजार होस्टिंगचा नव्हताच.

जाहिरातींचं पान येणं म्हणजे बहुतेक वेळा डोमेनची मुदत संपलेली असणं. डोमेन म्हणजे तुमच्या साइटचं नाव. ते एका कंपनीकडे वर्षाच्या बोलीवर नोंदवलेलं असतं. होस्टिंग म्हणजे ज्या यंत्रावर तुमची पानं ठेवलेली असतात ती जागा, आणि ती दुसऱ्याच कंपनीकडे असू शकते. तुमच्या पुतण्याने नाव २०१४ च्या डिसेंबरात नोंदवलं. म्हणजे त्याची मुदत दर डिसेंबरात संपते, ऐन संमेलनाच्या धामधुमीत. इतकी वर्षं त्याच्या कार्डावरून पैसे आपोआप जात होते. यंदा कार्ड बदललं असेल किंवा आठवणीचे ईमेल एखाद्या बंद पत्त्यावर गेले असतील. तुम्ही अकरा पत्रं लिहिलीत ती ज्यांच्याकडे खोली भाड्याने घेतली आहे त्यांना. नेमप्लेट काढून नेली होती ती भलत्यानेच. ‘आमच्याकडे सर्व काही सुरळीत आहे’ हे त्या बिचाऱ्यांचं उत्तर खरं होतं! (कंपनीचं असं उत्तर खरं निघाल्याचा प्रसंग माझ्या आठवणीत तरी दुर्मीळ आहे.)

आता मला सांगा, तुम्ही बँकेत होतात. मंडळाची मुदतठेव एखाद्या सभासदाच्या वैयक्तिक नावावर, त्याच्याच मोबाइल नंबरासकट, वारसनोंद न करता ठेवू दिली असती? फॉर्म तिथल्या तिथे परत केला असता. वेबसाइटच्या बाबतीत मात्र आपण सगळेच असं करतो, कारण ती कोणीतरी प्रेमाने ‘करून दिलेली’ असते.

त्यामुळे होस्टिंग कंपनी शोधायच्या आधी डोमेन मंडळाच्या हाती येऊ द्या. नाव आणि सगळ्या मजकुराची ताजी प्रत तुमच्याकडे असेल तर कुठलीही कंपनी बिघडली तरी दोन दिवसांत बिऱ्हाड दुसरीकडे मांडता येतं. ते नसेल तर जगातली सर्वांत भरवशाची कंपनीही तुमच्या उपयोगाची नाही. भरवशाची म्हणून निवडलेली कंपनी उद्या विकली जाणार नाही असंही कोणी लिहून देत नाही. खुद्द गूगलने २०२३ मध्ये आपला डोमेन नोंदणीचा धंदा स्क्वेअरस्पेसला विकून टाकला आणि ग्राहक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेले. गूगल म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचं काय झालं असेल बघा.

पुतण्याशी बोलताना एवढं सांभाळा. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल जरा कडवटपणा आहे. त्याने इतकी वर्षं डोमेनचे आणि बहुधा होस्टिंगचेही पैसे स्वतःच्या खिशातून भरले असावेत, आणि मंडळाने त्याला ते कधी विचारलेलंही दिसत नाही. तेव्हा ‘ताबडतोब पासवर्ड पाठव’ असा ईमेल नको. रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी रात्री, फोन करा. इतकी वर्षं तू सांभाळलंस, आता ओझं मंडळाला घेऊ दे, असं म्हणा. झालेला खर्च परत करण्याचा ठराव सभेत मांडा. तो पैसे घेणार नाही कदाचित, पण विचारणं वेगळं. माझा अनुभव असा की अशा फोननंतर समोरचा माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो.

मग काम करायचं ते असं. मंडळाच्या नावाने एक स्वतंत्र जीमेल खातं उघडा आणि त्याच्या बळावर डोमेन कंपनीत मंडळाचं खातं उघडा. हा पत्ता मंडळाच्या स्वतःच्या डोमेनवरचा, म्हणजे सचिव ॲट अमुक डॉट ऑर्ग असा, मुळीच नको. कारण डोमेनची मुदत संपली की त्यावरचे ईमेलही बंद पडतात, आणि मुदत संपल्याची सूचना त्याच बंद पेटीत जाऊन पडते. हा घोळ मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या हातून झालेला पाहिला आहे. पुतण्याचं खातं ज्या कंपनीत आहे तिथेच मंडळाचं खातं उघडलंत तर नाव एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवणं सोपं जातं. कंपनीच बदलायची असेल तर त्याच्याकडे ‘ऑथ कोड’, म्हणजे नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यायला लागणारा गुप्त संकेत, मागावा लागेल. फक्त आधी मालकाचं नाव बदलून लगेच कंपनी बदलायला गेलात तर सहसा साठ दिवसांचं कुलूप लागतं, म्हणून क्रम विचारून घ्या.

पैसे भरायची गोष्ट तर तुम्हीच मला शिकवाल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या कपातीला ग्राहकाची वेगळी मंजुरी लागते. ओटीपीशिवायच्या कपातीची मर्यादा आधी पाच हजार होती, २०२२ मध्ये ती पंधरा हजार झाली. परदेशी कंपन्यांचं आणि आपल्या कार्डांचं गणित त्या वेळी अनेकदा बिघडलं. तेव्हा ‘ऑटो रिन्यू’वर विसंबू नका. डोमेन एकदम दहा वर्षांपर्यंत आगाऊ भरता येतं. पाच वर्षांचं भरा, पावती मंडळाच्या नावाने घ्या म्हणजे हिशेबतपासनिसांनाही बरं, आणि मुदतीची तारीख प्रोसिडिंग बुकात लिहून ठेवा. सचिव बदलला की चार्ज देताना पावती पुस्तक आणि शिक्क्याबरोबर हे लॉगिनही द्यायचं. ओटीपी एकाच माणसाच्या फोनवर अडकू नये म्हणून दुसऱ्या पदाधिकाऱ्याचा नंबरही खात्याला जोडून ठेवा.

आता रविवारचा आजार. हा मात्र होस्टिंगचा, पण यातही कंपनी लबाड होती असं नाही. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो साइट्स नांदतात. त्यातल्या एकीनेच सगळं पाणी ओढू नये म्हणून प्रत्येकीच्या नळाला तोटी बसवलेली असते. एकाच क्षणी किती विनंत्यांवर काम चालावं याची मर्यादा अशा योजनांत वीस-पंचवीस असणं नेहमीचं. तुम्ही रविवारी रात्री नऊला, जेवणं उरकून सगळे फोन हातात घेऊन बसलेले असताना, सगळ्या गटांवर एकदम लिंक टाकलीत. त्यात तुमचं वंशावळीचं पान दर वेळी डेटाबेसमधून दोन हजार नावं नव्याने गोळा करत असणार. तोटी बंद झाली, ५०८ आला. लोक झोपले, साइट उठली.

यावर महागडं होस्टिंग हा उपाय नाही. नावनोंदणी गूगल फॉर्मवर न्या, ती गर्दी तुमच्या यंत्रावर येणारच नाही. वंशावळीच्या पानाला ‘कॅशिंग’ लावायला सांगा, म्हणजे पान एकदा तयार करून तेच सगळ्यांना वाढता येतं. आणि लिंक गटागटाने टाका, सकाळी एक, दुपारी एक.

आता तुमच्या कार्यकारिणीच्या तीन मतांकडे येतो.

७९ रुपयांचं गणित कागदावर मांडू. समजा अट चार वर्षांचे पैसे आगाऊ भरण्याची आहे. ७९ गुणिले ४८ म्हणजे ३,७९२. जाहिरातीत न दिसणारा १८ टक्के जीएसटी धरून साधारण ४,४७५. पाचव्या वर्षी नूतनीकरणाचा दर समजा महिना २९९ झाला, तर एका वर्षाचेच जीएसटीसह सुमारे ४,२३४. म्हणजे चार वर्षांत मिळून जेवढं भरलं जवळजवळ तेवढंच पुढच्या एकेका वर्षाला. यात फसवणूक नाही, छापलेलं असतं, बारीक अक्षरात. कर्ज वाटताना तुम्ही ग्राहकांना जे वाचायला सांगत होतात तेच. म्हणून दर बघायचा तो नूतनीकरणाचा. आणि चार वर्षांचं एकदम भरू नका, पहिल्यांदा एकच वर्ष. डोमेन लांब मुदतीचं आणि होस्टिंग छोट्या मुदतीचं, हे माझं ठाम मत आहे.

त्या जाहिरातीत ‘९९.९ टक्के अपटाइम’ही असेल. वर्षाचे तास ८,७६०. त्यातला ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास. तेवढा वेळ साइट बंद राहिली तरी वचन पाळलं असंच धरलं जातं. वचन मोडलंच तर भरपाई म्हणून बऱ्याचदा बंद दिवसांचं भाडं मिळतं. वर्षाला तीन हजार भरत असाल तर तीन दिवसांचे पंचवीस रुपये. एवढ्यासाठी भांडायला कोण जाणार?

व्हीपीएस सुचवणाऱ्या सभासदांना एवढंच विचारा, रात्री दोनला ते बंद पडलं तर तुम्ही उठणार का? साध्या व्हीपीएसमध्ये यंत्राची दुरुस्ती, सुरक्षा, अद्ययावतीकरण सगळं आपल्या अंगावर असतं. ते निगुतीने सांभाळणारा माणूस नसेल तर ते साध्या होस्टिंगपेक्षा कमी भरवशाचं. तुमच्या साइटला त्याची गरज नाही.

फेसबुक संमेलनाचे फोटो टाकायला उत्तम. पण अकरा पिढ्यांची वंशावळ तिथे ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवर खडूने लिहिणं. याहूच्या जिओसिटीजवर एके काळी लोकांनी हौसेने किती घरगुती साइट्स थाटल्या होत्या. २००९ मध्ये ते दुकानच बंद झालं.

मग कंपनी निवडायची कशी? ‘टॉप टेन होस्टिंग’ असं शोधू नका. त्या याद्यांपैकी पुष्कळशा कमिशनवर चालतात. तुम्ही त्या लिंकवरून खरेदी केलीत की लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, आणि जास्त कमिशन देणारा वर सरकतो. मी नाव सांगत नाही त्याचं एक कारण हेच. आज एक नाव छापलं तर दोन वर्षांनी कोणीतरी हे कात्रण बघून त्या कंपनीचं होस्टिंग घेईल, तेव्हा ती कोणाच्या हातात असेल कोण जाणे. ब्लूहोस्ट, होस्टगेटर आणि मुंबईच्या डिरेक्टी समूहातलं बिगरॉक ही नावं एंड्युरन्स या एकाच अमेरिकी कंपनीने २०१० ते २०१४ या काळात घेतली आणि २०२१ मध्ये ती न्यूफोल्ड डिजिटल या छत्राखाली आली. त्यांची सेवा वाईट असं मी म्हणत नाही. पण तीन पाट्या बघून तीन मतं घेतली असं वाटतं आणि मालक एकच निघतो.

त्यापेक्षा दोन-तीन कंपन्या निवडा, ज्यांची यंत्रं भारतात, शक्यतो मुंबईत आहेत. बहुतेक सभासद इथेच आहेत, पान लवकर उघडेल. मग शनिवारी रात्री दहानंतर त्यांच्या चॅटवर जा आणि विचारा: बॅकअप किती दिवसांनी घेता, किती दिवस ठेवता, परत हवा असेल तर पैसे पडतात का, आणि तो ठेवता कुठे? उत्तर देणाऱ्याला प्रश्न कळला की नाही ते दोन मिनिटांत समजतं. एका कंपनीत मी हेच विचारलं तर मला ब्राउझरची कॅश साफ करायला सांगितलं! दुसरीकडे एका मुलाने ‘सर, आमचा बॅकअप असतो, पण तुम्ही तुमचाही ठेवा’ असं सरळ सांगितलं. मी तिथे पैसे भरले. सुरक्षा प्रमाणपत्राचे, म्हणजे त्या कुलपाच्या चिन्हाचे, वेगळे पैसे कोणी मागत असेल तर नाही म्हणा. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची प्रमाणपत्रं फुकट असतात, चांगल्या कंपन्या ती आपोआप लावून देतात.

तो मुलगा बरोबर सांगत होता. १० मार्च २०२१ ला मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या युरोपातल्या बड्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळाली. अनेकांचे बॅकअप त्याच आवारात होते, तेही गेले. तिजोरीची दुसरी किल्ली त्याच तिजोरीत ठेवण्याचा प्रकार. माझंही एकदा असंच झालंय. एका छोट्या नियतकालिकाची साइट मी बघत होतो. होस्टिंगवाल्यांची डिस्क गेली, बॅकअप त्याच डिस्कवर. आठ महिन्यांचा मजकूर मी लेखकांच्या ईमेलांतून वेचून काढला. तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला सगळ्या फाइल्स आणि डेटाबेसची एक प्रत उतरवून घेतो. तुम्ही एक प्रत मंडळाच्या गूगल ड्राइव्हवर ठेवा, एक खजिनदारांकडे पोर्टेबल हार्ड डिस्कवर. मोडी कागदांचे फोटो मूळ आकारात साइटवर नकोतच. त्यांची मोठी प्रत या डिस्कवर, छोटी साइटवर.

आणि एक धोका आपल्या मराठी साइट्सचा खास, जो परदेशी सल्ल्यांत सापडणार नाही. मायएसक्यूएल हा डेटाबेस २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत मुळात युरोपीय लिपी गृहीत धरून चाले. २०१४ च्या साइट्समध्ये मराठी मजकूर बऱ्याचदा त्याच साच्यात कोंबलेला असतो. जुन्या जागी तो नीट दिसतो, नव्या जागी आणला की फुटतो. फुटण्याचेही दोन प्रकार. अक्षरांच्या जागी डोक्यावर मात्रा असलेला रोमन ए, चार पाय फुटलेला गोल आणि अधूनमधून जपानी येनचं चिन्ह दिसलं तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, जाणकाराला तो सरळ करता येतो. नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर त्या प्रतीतला मजकूर गेला, पुन्हा जुन्या जागेवरून प्रत घ्यावी लागेल. म्हणून साइट हलवल्यावर ‘ज्ञ’, ‘श्र’ आणि ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ असलेली नावं काढून बघा, आणि पाचव्या-सहाव्या पिढीतलं एखादं नाव शोधखिडकीत टाकून बघा. तोवर जुनं होस्टिंग बंद करायचं नाही. महिनाभर दोन्ही चालू राहू द्या, हजारभर रुपये जातील तर जाऊ देत. मंडळाचे ईमेल त्याच डोमेनवर असतील तर ते कोणत्या यंत्राकडे जायचे हे सांगणाऱ्या डोमेनच्या नोंदी आधी उतरवून घ्या. साइट हलवण्याच्या उत्साहात ईमेल बंद पडल्याचं लोकांना आठवड्याने कळतं.

न विचारलेलं एक सांगतो. दोन हजार हयात माणसांचे मोबाइल, जन्मतारखा आणि पत्ते उघड्या पानावर असतील तर ते आधी काढा. बँकेत जन्मतारीख काय काय उघडते हे तुम्हाला ठाऊक आहे. पूर्वजांची वंशावळ सगळ्यांना, हयातांची यादी फक्त सभासदांना.

हे सगळं जून-जुलैत करा. तेव्हा तुमच्या साइटवर कोणी फिरकत नाही. त्याआधी, आजच, पुतण्याला एवढं विचारा की डिसेंबरात त्याने किती वर्षांचे पैसे भरले. गडबडीत त्याने एकाच वर्षाचे भरले असतील, आणि तुमचं पुढचं संमेलनही नाताळच्या सुट्टीतच आहे.